माजींनी बोलावे, पण कोठे उभे राहून?

२४ नोव्हेंबर २०१६ रोजी डॉ. मनमोहन सिंग राज्यसभेत नोटाबंदीवर बोलायला उभे राहिले, तेव्हा ज्यांच्या निर्णयाविषयी ते बोलणार होते ते पंतप्रधान नरेंद्र मोदी सभागृहातच बसलेले होते. भाषण काही मिनिटांचेच होते आणि आवाज नेहमीसारखा खालच्या पट्टीतला होता. काळ्या पैशाला आळा घालण्याच्या उद्दिष्टाशी आपला वाद नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. मग अंमलबजावणीकडे वळून त्यांनी ‘संघटित लूट’ हा शब्द वापरला, राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ सुमारे दोन टक्क्यांनी खाली येईल असा अंदाज दिला, आणि लोकांनी बँकेत पैसे ठेवले आहेत पण ते काढण्याची त्यांना मुभा नाही असा जगातला एखादा देश पंतप्रधानांनी सांगावा, असे विचारले.

पायउतार झालेल्या नेत्याने आपल्या जागी आलेल्या माणसावर जाहीर टीका करावी का, हा प्रश्न निघाला की मला हे भाषण आठवते. या प्रश्नावर आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक म्हणजे खुर्ची सोडली की जीभही आवरावी, नव्या माणसाला काम करू द्यावे. दुसरे म्हणजे लोकशाहीत बोलण्याचा हक्क सर्वांनाच आहे, मग माजी पंतप्रधानानेच तोंडाला कुलूप का लावावे. माझ्या मते दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत, कारण माजी नेता कोठे उभा राहून बोलतो याचा विचार त्यांत होत नाही. ज्या जागी समोरच्याला उत्तर देता येते, बोललेले नोंदले जाते आणि बोलणाऱ्यालाही उलट प्रश्न ऐकून घ्यावे लागतात, त्या जागेवरून माजी नेत्याने अवश्य बोलावे, हवे तितके कठोर बोलावे. पूर्वीच्या पदाचे वजन वापरायचे, मात्र उत्तर ऐकण्याचे बंधन घ्यायचे नाही, अशा जागेवरून होणाऱ्या टीकेबाबत मला आक्षेप आहे.

त्या भाषणातला दोन टक्क्यांचा अंदाज पाहा. सभागृहात आकडा उच्चारला की तो कामकाजात नोंदला जातो आणि मग बोलणाऱ्याची त्यातून सुटका नसते. एप्रिल ते जून २०१७ या तिमाहीची वाढ ५.७ टक्के असल्याचे जाहीर झाले, आदल्या वर्षी त्याच तिमाहीत ती ७.९ टक्के होती, तेव्हा सिंग यांच्या बाजूच्यांनी त्या भाषणाचा दाखला दिला. पुढे जानेवारी २०१९ मध्ये २०१६-१७ या पूर्ण वर्षाच्या वाढीचा आकडा आधीच्या ७.१ वरून ८.२ टक्क्यांपर्यंत सुधारला गेला, तेव्हा सरकारच्या बाजूच्यांच्या हाती उत्तर आले, आणि त्या सुधारित आकड्यांवर अर्थतज्ज्ञांत स्वतंत्र वाद झाला. कोण बरोबर होते याचा निकाल येथे लावण्याची गरज नाही. बोलणाऱ्याने स्वतःला तपासून घेता येईल असे काही मागे ठेवले होते, एवढेच मला येथे दाखवायचे आहे.

त्याच भाषणात सहकारी बँकांचाही उल्लेख होता आणि महाराष्ट्रातल्या ऐकणाऱ्याला तो जास्त भिडला असेल. १४ नोव्हेंबरच्या परिपत्रकाने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली होती. ज्या राज्यात शेतकऱ्याचे पीककर्ज, दुधाचे आणि उसाचे पैसे, शिक्षकाचा पगार असे बरेच काही याच बँकेच्या गावातल्या शाखेतून फिरते, तेथे या मनाईचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. त्याआधीच्या चार दिवसांत घेतलेल्या नोटा या बँकांच्या तिजोऱ्यांत अडकून पडल्या आणि त्या रिझर्व्ह बँकेकडे भरण्याची वाट मोकळी व्हायला जून २०१७ उजाडला. माजी पंतप्रधानाने ही बाब राज्यसभेत मांडणे म्हणजे उत्तराधिकाऱ्याचा पाय ओढणे होते, असे सांगलीच्या किंवा नाशिकच्या एखाद्या विकास सोसायटीच्या सचिवाला कोणी सांगून पाहावे.

उत्तर आले ते ८ फेब्रुवारी २०१७ रोजी, राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभारप्रस्तावाला उत्तर देताना. पस्तीस वर्षे देशाच्या आर्थिक निर्णयांशी संबंध असलेल्या माणसावर एकही डाग नाही, न्हाणीघरात रेनकोट घालून आंघोळ करण्याची कला डॉक्टरसाहेबांकडूनच शिकावी, असे पंतप्रधान म्हणाले आणि काँग्रेसचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. ते उत्तर मुद्द्याला धरून नव्हते, माणसाला धरून होते, असे माझे मत आहे. तरीही ते सभागृहातच दिले गेले आणि कामकाजात नोंदले गेले. ‘संघटित लूट’ आणि रेनकोट ही दोन्ही भाषणे शेजारी ठेवून कोणीही वाचावीत आणि आपले मत बनवावे, एवढी सोय त्यामुळे झाली.

दिल्लीपासून खूप खालच्या पातळीवरही हे असेच चालते. एका लहान पतसंस्थेच्या संचालक मंडळावर मी काही वर्षे होतो. तेथले एक माजी अध्यक्ष वार्षिक सर्वसाधारण सभेला अहवालाची छापील प्रत पेन्सिलीने खुणा करून घेऊन येत, सामान्य सभासदांच्या रांगेत बसत आणि ताळेबंदाचा विषय पुकारला की उठून विचारत, ‘अध्यक्ष महाराज, थकबाकीची तरतूद गेल्या वर्षापेक्षा कमी का?’ व्यवस्थापकाला घाम फुटे, पण उत्तर द्यावे लागे आणि प्रश्नोत्तर इतिवृत्तात जाई. कधी कधी त्यांनाही ऐकावे लागे की ते कर्ज तुमच्याच सहीने दिले गेले होते, आणि तेही लिहिले जाई. आणखी एक माजी पदाधिकारी सभेला कधी फिरकत नसत. मात्र चहाच्या टपरीवर संस्था कशी बुडणार आहे हे वर्षभर सांगत. ठेवी काढायला येणारे ठेवीदार या दुसऱ्या गृहस्थांचे श्रोते असत. दोघांकडेही माहिती सारखीच होती, आणि टपरीवरचे गृहस्थ सगळेच खोटे बोलत होते असेही नाही.

डॉ. सिंग यांच्या बाबतीत मला त्या भाषणापेक्षाही एक छोटी गोष्ट अधिक बोलकी वाटते. जानेवारी २०१७ मध्ये अर्थविषयक संसदीय स्थायी समितीपुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांना बोलावण्यात आले होते. वृत्तपत्रांतून आलेल्या माहितीप्रमाणे, पैसे काढण्यावरची मर्यादा उठवली तर गोंधळ होईल का, अशा स्वरूपाचा प्रश्न सदस्यांनी लावून धरला, तेव्हा समितीत असलेल्या डॉ. सिंग यांनीच पटेल यांना याचे उत्तर देऊ नका असे सुचवले. १९८२ ते १९८५ या काळात ते स्वतः त्या खुर्चीवर बसलेले होते. गव्हर्नरच्या तोंडून निघालेल्या एका वाक्याने बँकांपुढे रांगा लागू शकतात, हे त्या खोलीत त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? दोन महिन्यांपूर्वी सरकारवर तुटून पडलेला माणूस येथे आपल्याच जुन्या पदावरच्या माणसाची पाठराखण करत होता. सरकार उत्तर देऊ शकते, देते आणि त्याने द्यावेच. गव्हर्नरला तसे मोकळेपणाने देता येत नाही. हा फरक ज्याला कळला त्याला टीका कोठे करावी आणि कोठे आवरावी हे वेगळे शिकवावे लागत नाही.

याच फरकामुळे पटेल यांच्या आधीचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या मौनाचा प्रश्न अवघड होतो. ४ सप्टेंबर २०१६ रोजी त्यांची मुदत संपली आणि वर्षभर ते रिझर्व्ह बँकेच्या कारभारावर बोलले नाहीत. उत्तराधिकाऱ्याचा जनतेशी सुरू होणारा संवाद आपल्या बोलण्याने बिघडू नये, असे कारण त्यांनी नंतर दिले. कारण रास्त होते. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि त्यातून कळले की फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारने नोटाबंदीविषयी त्यांचे मत विचारले होते, आणि दूरवर काही लाभ झाले तरी तातडीचे तोटे त्यांहून मोठे ठरतील, असे त्यांनी तोंडी सांगितले होते. म्हणजे देश रांगेत उभा असताना ज्या माहितीची सर्वांत जास्त गरज होती, ती अमेरिकेत शिकागोला परतलेल्या एका प्राध्यापकाजवळ होती आणि संकेताला जागून तो गप्प होता.

राजन यांनी चूक केली असे मला म्हणवत नाही. नव्या गव्हर्नरला येऊन दोन महिने झालेले, चलन बदलण्याचे काम अर्धवट, आणि अशा वेळी जुन्या गव्हर्नरने ‘मी सांगितले होते’ म्हणून पुढे यावे, याने रांगेतल्या माणसाचे भले झाले असते की घबराट वाढली असती, हे दोन्ही बाजूंनी सांगता येईल. परंतु मौन पाळणारा नेहमी सभ्य आणि बोलणारा नेहमी उथळ, असे समजणाऱ्यांनी या एका वर्षाचा हिशेब मांडून पाहावा. मौनाची किंमत असते आणि बहुधा ती मौन पाळणाऱ्याला द्यावी लागत नाही.

अमेरिकेचा दाखला या चर्चेत हमखास दिला जातो. मार्च २००९ मध्ये कॅल्गरी येथील भाषणात जॉर्ज बुश यांनी बराक ओबामा यांच्यावर टीका करण्यास नकार दिला आणि माझे मौन हा त्यांचा हक्क आहे अशा आशयाचे वाक्य उच्चारले. ते पुढे आदर्श म्हणून फार सांगितले गेले. त्याच वर्षी २१ मे रोजी त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी मात्र ओबामांच्या सुरक्षाधोरणावर जाहीर भाषण करून घणाघात करत होते, हे सांगायचे राहून जाते. मुळात अमेरिकेतल्या या संकेताचा पाया त्यांच्या रचनेत आहे. तेथे पदावरून उतरलेल्या राष्ट्राध्यक्षाला कोणत्याही सभागृहात आपोआप आसन नाही, विरोधी पक्षनेता नावाचे पद नाही आणि दोन कार्यकाळ झाल्यावर पुन्हा निवडणूक लढवता येत नाही. तेव्हा त्याने बोलायचे ते व्यासपीठावरून, मुलाखतीतून किंवा मानधन घेऊन. अशा माणसाला गप्प बसणे शोभते, हे मलाही पटते. पण याच देशात जॉन क्विन्सी ॲडम्स राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर १८३० मध्ये प्रतिनिधिगृहात साधा सदस्य म्हणून निवडून आले, १८४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले, आणि गुलामगिरीविरोधी अर्ज सभागृहात चर्चेलाच येऊ द्यायचे नाहीत या नियमाविरुद्ध वर्षानुवर्षे झगडले. त्यांना कोणी मौनाचा उपदेश केला असता तर तो त्यांनी ऐकला नसता, आणि ऐकायला नकोच होता.

संसदीय पद्धतीत असा आसनाचा प्रश्न येत नाही. ब्रिटनचे एडवर्ड हीथ १९७५ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्याकडून पक्षाचे नेतेपद हरले आणि २००१ पर्यंत खासदार राहून त्यांच्या धोरणांवर मागच्या बाकावरून बोलत राहिले. पुढे थॅचर यांनी स्वतः पायउतार झाल्यावर जॉन मेजर यांच्या सरकारविरुद्ध जुलै १९९३ मध्ये लॉर्ड्स सभागृहात युरोपविषयक करारावर मतदानही केले. हीथ यांना लोक कुढणारा म्हणत, थॅचर यांना लुडबुड करणारी म्हणत. दोघांच्या बाबतीत त्यात थोडे तथ्य असावे. परंतु दोघांचीही मते मतांच्या यादीत दिसतात, हे काही कमी नाही.

आपल्याकडे अवघड जागा येते ती सभागृहात नसलेल्या माजींची, आणि त्यातही स्वपक्षातल्या माजींची. २७ सप्टेंबर २०१७ रोजी माजी अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लेख लिहून आपल्याच पक्षाच्या सरकारला घरचा आहेर दिला. खासगी गुंतवणूक आटली आहे, शेती संकटात आहे, नोटाबंदी ही आपत्ती ठरली आहे, वस्तू व सेवा कराची आखणी आणि अंमलबजावणी दोन्ही फसल्या आहेत, आणि पक्षातल्या अनेकांना हे कळते पण भीतीपोटी ते बोलत नाहीत, असा त्याचा सूर होता. दुसऱ्याच दिवशी त्यांचे चिरंजीव आणि केंद्रीय राज्यमंत्री जयंत सिन्हा यांचा सरकारची बाजू मांडणारा लेख दुसऱ्या वृत्तपत्रात आला. वाचकांची चंगळ झाली.

अर्थमंत्री अरुण जेटली यांनी त्याच दिवशी एका पुस्तकाच्या प्रकाशन समारंभात यशवंत सिन्हांचा समाचार घेतला. माजी अर्थमंत्री असण्याची चैन अजून माझ्या वाट्याला आलेली नाही, आणि स्तंभलेखक झालेला माजी अर्थमंत्री असण्याचीही नाही, असे ते म्हणाले. ऐंशीव्या वर्षी नोकरी शोधणारा उमेदवार असा टोलाही त्यांनी हाणला. टोला हशा मिळवून गेला, पण माझ्या मनात राहिली ती चैन. जेटलींनी नेमकी दुखरी नस पकडली होती. ज्याला उद्या सकाळी तुटीचा आकडा जुळवायचा नाही, राज्यांच्या अर्थमंत्र्यांची मनधरणी करायची नाही, त्याला योग्य मार्ग कोणता हे सांगणे सोपे जाते. आपल्या कारकिर्दीत हाच प्रश्न आला तेव्हा आपण काय केले, याचा एक परिच्छेद जरी प्रत्येक माजी मंत्र्याने आपल्या लेखात घातला, तरी या चैनीचा बराचसा भाग वसूल होईल. तरीही सिन्हांचा लेख लिहिणे मी योग्यच मानतो. ते खासदार नव्हते, पक्षाच्या बैठकांत त्यांना वाव उरलेला नव्हता, आणि मुद्दे धोरणाचे, तपासून घेता येतील असे होते. वृत्तपत्रातून उत्तर देण्याची सोय सरकारला होती आणि ती चोवीस तासांच्या आत वापरलीही गेली.

सभागृह नसेल तर जागा मागून घ्यावी, याचा दाखला एका मराठी माणसानेच घालून दिला आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळातून अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५९ मध्ये मद्रास येथील भाषणात त्यांनी उच्चपदस्थांच्या भ्रष्टाचाराचा विषय काढला, तेव्हा ते मंत्री नव्हते. त्यांनी नावे घेऊन धुरळा उडवला नाही. तक्रारींची चौकशी करणारे निःपक्षपाती न्यायाधिकरण नेमा, म्हणजे अर्धा डझन प्रकरणे मी त्यापुढे ठेवतो, असे ते म्हणाले. नेहरूंनी ती मागणी मान्य केली नाही. देशमुखांची मागणी फेटाळली गेली म्हणून तिची रीत चुकीची ठरत नाही. आरोप करण्यापूर्वी आरोप तपासणारी जागा त्यांनी मागितली, आणि मंत्रिपदाच्या वेळी घेतलेली गोपनीयतेची शपथ पदाबरोबर संपत नाही याचेही भान त्यात असावे असा माझा तर्क आहे.

महाराष्ट्राच्या राज्यकारभाराने मात्र या प्रश्नाला स्वतःचेच एक वेगळे उत्तर शोधून काढले आहे. येथे माजी मुख्यमंत्र्याला उत्तराधिकाऱ्यावर टीका करण्याची वेळच येऊ देत नाहीत, त्याला मंत्रिमंडळात घेऊन टाकतात. शंकरराव चव्हाण १९७८ मध्ये शरद पवारांच्या मंत्रिमंडळात होते, नारायण राणे विलासराव देशमुखांच्या, अशोक चव्हाण उद्धव ठाकरे यांच्या. ३० जून २०२२ रोजी देवेंद्र फडणवीस एकनाथ शिंदे यांचे उपमुख्यमंत्री झाले आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी शिंदे फडणवीसांचे. अशी अदलाबदल अन्यत्र क्वचितच पाहायला मिळेल. मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असल्यामुळे आत बसलेल्या माजी मुख्यमंत्र्याला मुख्यमंत्र्याच्या निर्णयावर जाहीर बोलता येत नाही. मग जे बोलायचे ते नाराजीच्या रूपाने बाहेर पडते: बैठकीला गैरहजेरी, गावाकडचा मुक्काम, ‘निकटवर्तीयांकडून’ पेरलेली बातमी, आणि शेवटी ‘आमच्यात कोणतेही मतभेद नाहीत’ असे दोघांनी मिळून सांगणे. आधीच्या मुख्यमंत्र्याने घेतलेल्या निर्णयाला नव्याने स्थगिती दिली तर तिचे कारण काय, हे जनतेला कळण्याचा एकमेव खात्रीचा मार्ग म्हणजे आधीच्या मुख्यमंत्र्याने विधानसभेत उठून विचारणे; नेमका तोच बंद होतो. मला या नाराजीपेक्षा हीथ यांचे पंचवीस वर्षांचे कुढणे परवडेल.

डॉ. सिंग ३ एप्रिल २०२४ रोजी राज्यसभेतून निवृत्त झाले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत लोकसभेच्या प्रचारात पंतप्रधानांनी बांसवाडा येथील सभेत त्यांच्या डिसेंबर २००६ मधल्या एका भाषणाचा हवाला देऊन, देशाच्या संपत्तीवर पहिला हक्क मुसलमानांचा असे ते म्हणाले होते, अशी मांडणी केली. ३० मे रोजी डॉ. सिंग यांनी पंजाबच्या मतदारांना उद्देशून पत्र प्रसिद्ध केले. कोणत्याही एका समाजाला आपण कधी वेगळे काढले नाही असे त्यांनी लिहिले आणि आजवरच्या कोणत्याही पंतप्रधानाने पदाची प्रतिष्ठा इतकी खाली आणली नव्हती, असा ठपका ठेवला. आपल्या तोंडी घातलेल्या वाक्याचा खुलासा करणे त्यांना भागच होते आणि सभागृह आता हाती नव्हते, हे सर्व मान्य करूनही २०१६ च्या भाषणाच्या पंक्तीला हे पत्र मी बसवणार नाही. प्रचार त्याच दिवशी संध्याकाळी थांबला आणि १ जूनला मतदान झाले. उत्तर द्यायला दुसऱ्या बाजूला अवधी नव्हता. शिवाय भाषणात सहकारी बँका होत्या, दोन टक्के होते, उत्तर मागणारा प्रश्न होता. पत्रातला ठपका मात्र माणसावर होता, आणि तो मान्य करणे किंवा नाकारणे यापलीकडे वाचणाऱ्याला काही करता येत नव्हते. खुलाशापुरते ते पत्र एप्रिलमध्येच, बांसवाड्याच्या सभेनंतर दोनचार दिवसांत निघाले असते, तर त्याला उत्तरही आले असते.